मुंबई सरकार, लंडन आणि वर्षभराने येणारं उत्तर

माझगावचा_वाचक

नमस्कार मंडळी,

आंग्र्यांवर आपल्याकडे भरभरून बोललं जातं, १९४६ च्या नाविकांच्या उठावावरही बोललं जातं, पण मधली जवळजवळ दोनशे वर्षं मुंबईच्या समुद्रावर काय चाललं होतं असं विचारलं की सगळे गप्प. आणि कागद तर ढिगाने आहेत. मुंबईचा गव्हर्नर बोटींबद्दल, गोदीबद्दल, कोळशाबद्दल, खलाशांबद्दल लंडनला काय लिहीत होता आणि तिकडून काय येत होतं ते सगळं जपून ठेवलेलं आहे, एक बाजू आपल्या काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख विभागात, दुसरी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणारं लंडनचं खातं) दप्तरात. मी गेली काही वर्षं जमेल तसं हे वाचतोय आणि माझं एक मत पक्कं झालंय, ते मांडतो, पटलं नाही तर जरूर भांडा.

मत असं की हा पत्रव्यवहार आपण "लंडनने हुकूम सोडला आणि मुंबईने पाळला" असा वाचतो, तो तसा नाहीच. समुद्राच्या बाबतीत बऱ्याचदा मुंबईने आधी करून टाकलं आणि मग कळवलं. लंडनचं उत्तर येईपर्यंत बोट बांधून झालेली असायची, किल्ला घेऊन झालेला असायचा.

आधी कोण कोणाला लिहायचं ते सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल लिहिणार ईस्ट इंडिया कंपनीच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सला, म्हणजे लंडनमधल्या संचालक मंडळाला. १७८४ नंतर त्यांच्या डोक्यावर पार्लमेंटने बोर्ड ऑफ कंट्रोल बसवलं, म्हणजे डायरेक्टरांचं पत्र मुंबईला निघायच्या आधी तिथून तपासून जायचं. मध्ये कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल, त्यालाही प्रत. आणि राजाचं आरमार वेगळंच, त्याची अ‍ॅडमिरल्टी वेगळी (आरमाराचं लंडनमधलं मुख्य खातं), तिला कंपनीचं आरमार म्हणजे बाँबे मरीन कधीच आपल्या बरोबरीचं वाटलं नाही. म्हणजे एका गलबतासाठी चार दरबार. १८५८ नंतर कंपनी गेली आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे लंडनमधला हिंदुस्थानचा मंत्री आला, पण लिहायची पद्धत तीच राहिली.

पद्धतही बघण्यासारखी आहे. परिच्छेदांना नंबर, आणि उत्तरही त्याच नंबरांना धरून. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या, कारण एखादं बुडेल, एखादं फ्रेंच पकडतील. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून जायला सहा महिने सहज जायचे, मग तिकडे समित्यांमधून फिरणार, मग परत तेवढाच प्रवास. वर्ष-दीड वर्षाच्या आत उत्तर आलं तर लवकर आलं म्हणायचं.

आता एक उदाहरण देतो जे मला फार आवडतं. नेपोलियनशी लढाया चालू होत्या, इंग्लंडमध्ये जहाजाला लागणारं ओक कमी पडायला लागलं होतं, आणि इकडे मुंबईत मलबारचा साग आणि तो कापणारे, जोडणारे हात दोन्ही होते. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ मध्ये इथे आले तेव्हापासून गोदीचा मुख्य मिस्त्री त्याच घरातला. १८०५ ला साष्टीच्या नावाचं 'साल्सेट' फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचं लढाऊ जहाज, इथून पाण्यात उतरलं, १८१० ला 'मिंडेन' हे ७४ तोफांचं जहाज उतरलं, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली. ब्रिटिश आरमाराचं एवढं मोठं लढाऊ जहाज ब्रिटनबाहेर बांधलं गेल्याची ती पहिली वेळ. मग अ‍ॅडमिरल्टीने आणखी फ्रिगेटं मागितली आणि त्यांचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून मुंबईला रवाना केले. त्याच जहाजावर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांबंही होतं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने या जावाला गाठलं, लढाईत ती इतकी मोडली की अमेरिकनांनी तिला आग लावून टाकली. नकाशे गेले. मग पुन्हा पत्र, पुन्हा नकाशे, पुन्हा सहा महिने. त्यातलं एक फ्रिगेट 'ट्रिंकोमाली' शेवटी १२ ऑक्टोबर १८१७ ला आपल्या गोदीतून बाहेर पडलं. तिच्या तळाच्या मुख्य लाकडात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकलेला आहे. ती आजही पाण्यावर तरंगतेय, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला, लोक तिकीट काढून बघायला जातात. दोनशे वर्षं झाली, साग अजून शाबूत आहे.

आणि याच जावावर मुंबईच्या फौजेचा नेमलेला सेनापती टॉमस हिस्लॉपही होता, अमेरिकनांच्या हाती सापडला आणि सुटून परत गेला. पुढे हा मद्रासचा सेनापती म्हणून आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध हाच उभा होता, ट्रिंकोमाली उतरली त्याच्या दोन महिन्यांनी.

दुसरं उदाहरण वाफेच्या बोटीचं. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना मुंबईने ठरवलं की लाल समुद्रातून सुएझपर्यंत वाफेची बोट चालवायची म्हणजे टपाल केपऐवजी इजिप्तमधून जाईल. बोट मुंबईतच बांधली आणि तिला नाव दिलं 'ह्यू लिंडसे', जो कंपनीचाच एक डायरेक्टर होता. ज्यांची परवानगी हवी त्यांच्यातल्याच एकाचं नाव बोटीला देणं हा माल्कमचा धोरणीपणा, असं मला ठामपणे वाटतं. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून निघाली. साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल एवढीच जागा आणि अदन अकरा दिवसांवर, म्हणून केबिनींमध्येसुद्धा कोळसा भरला, बोट इतकी खाली बसली की चाकं नीट फिरेनात. अदनला पोचेपर्यंत कोळसा जवळजवळ खलास. तरी २२ एप्रिलला सुएझ गाठलं. डायरेक्टरांना खर्च बघून राग आला, असले उद्योग पुन्हा नकोत असा सूर लागला, पण डिसेंबर १८३० मध्ये बोटीची दुसरी फेरीही झाली, आणि नोकरी संपवून माल्कम स्वतः त्याच फेरीत इजिप्तला गेला. १८३४ मध्ये पार्लमेंटच्याच समितीने वाफेच्या टपालाची शिफारस केली. म्हणजे मुंबई बरोबर होती आणि ते लंडनला चार वर्षांनी पटलं.

यात मुंबईच्या इंग्रजांचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. माझं म्हणणं एवढंच की निर्णय कुठे झाला हे बघायचं असेल तर लंडनचं पत्र उघडू नका, मुंबईचं उघडा, आणि त्यातही पत्राला जोडलेले कागद उघडा. मुख्य पत्र गोड भाषेत असतं. जोडपत्रात गोदीच्या मिस्त्रीचा अंदाज असतो, लाकडाचा हिशोब असतो, खलाशांच्या पगाराचे तक्ते असतात. आपली माणसं तिथे आहेत.

---

विजयदुर्गकर

दादा, छान धागा काढलात. पण आंग्र्यांना एका वाक्यात बाजूला काढलंत ते मला लागलं, कारण तुमचं जे मत आहे की मुंबईने आधी केलं मग कळवलं, त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्याच गावात आहे.

कान्होजींच्या वेळी मुंबईकर इंग्रज सारखे लंडनला लिहीत होते की जहाजं पाठवा. त्यांचं दुखणं काय, तर कान्होजी दस्तक म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कोणालाही आपल्या पाण्यातून जाऊ देत नव्हते, आणि इंग्रजही स्वतःचे पास विकत होतेच की, म्हणजे दोघांचा धंदा एकच आणि हद्दीवरून भांडण. गव्हर्नर बूनने १७१८ ला खांदेरीवर हल्ला केला, फसला. मग लंडनहून राजाच्या आरमाराची जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर म्हणजे आताच्या अलिबागवर गेले, तेही फसलं. पुढे गव्हर्नर फिप्स आणि कान्होजी यांच्यात १७२४ च्या सुमाराला पत्रं झाली, ती इंग्रजीत उतरवलेली शिल्लक आहेत, प्रत्येकाने वाचावीत, कान्होजींनी एक पाऊलही मागे घेतलेलं नाही.

१७५५ ला कंपनीच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, तेव्हा सोबत अ‍ॅडमिरल वॉटसनचं राजाचं आरमार आणि क्लाइव्ह. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. ठरलं होतं पेशव्यांबरोबर मिळून घ्यायचा आणि किल्ला पेशव्यांना द्यायचा, पण आत जे दहा लाखांच्या आसपास सापडलं ते इंग्रजांनी आपापसात वाटून घेतलं, आणि किल्लाही लगेच सोडला नाही, ऑक्टोबरात पुण्याला तह झाला, बाणकोट पदरात पाडून घेतला, मग सोडला. वाटणी कशी करायची हे मुंबईत मोहिमेवर निघायच्या आधीच ठरलेलं होतं. लंडनला हे सगळं झाल्यावर कळलं. आता याला तुम्ही मुंबईची हुशारी म्हणणार का?

---

माझगावचा_वाचक

विजयदुर्गकर, हुशारी नाहीच म्हणणार. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या दोन्हींपेक्षा जोरदार आहे. लांबचा पल्ला म्हणजे मोकळा हात, आणि मोकळा हात मिळाल्यावर माणसाने काय केलं ते विजयदुर्गाला दिसलं. मला फक्त हे म्हणायचंय की जबाबदारी लंडनवर टाकून मुंबईच्या कौन्सिलला सुटू देऊ नका. सह्या त्यांच्या आहेत.

---

नवीन_सभासद_२३

काका एक शंका. एवढ्या बोटी, कोळसा, फेऱ्या, हे पैसे कुठून यायचे? कंपनीच्या नफ्यातून का?

---

देशावरची_माणूस

मी देते उत्तर, कारण हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे.

१८३३ च्या चार्टरनंतर, म्हणजे पार्लमेंटने दिलेल्या नव्या सनदेनंतर, कंपनीचा व्यापार बंदच झाला, उरला फक्त कारभार, त्यामुळे सगळा खर्च इथल्या महसुलावर. त्यातला सगळ्यात मोठा भाग शेतसारा. म्हणजे पेशवाई गेल्यावर पुणे, नगर, खानदेशात जो सारा बसवला त्या पैशातून समुद्रावरची कोळशाची कोठारं भरली गेली. त्यातही मुंबई इलाखा सतत तोट्यात, बंगालकडून पैसे आणून तोंडमिळवणी चालायची. म्हणूनच कलकत्त्याची पत्रं वाचलीत तर प्रत्येक ठिकाणी कुरकुर दिसेल की मुंबईवाल्यांना हौस आणि पैसे आम्ही द्यायचे.

मला या धाग्यात एक गोष्ट खटकते ती स्पष्ट सांगते. ह्यू लिंडसेची फेरी हे धाडस म्हणून वाचायला छान वाटतं, पण पाऊस नसलेल्या वर्षी नगर जिल्ह्यात सारा माफ करायचा की नाही यावर महिनोन् महिने लिहापढी चालायची आणि बोटीच्या कोळशाला पैसे लगेच मिळायचे. दोन्ही पत्रं एकाच गव्हर्नरच्या कौन्सिलची. समुद्राचे कागद वाचताना महसुलाचे कागद बाजूला ठेवून चालणार नाही. टपाल लवकर जाण्याचा फायदा कोणाला होता? फोर्टातल्या व्यापाऱ्यांना, अफू आणि कापसाचे भाव आधी कळावेत म्हणून. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला ते पत्र सुएझवरून गेलं काय नि केपवरून गेलं काय.

---

माझगावचा_वाचक

ताई, हे पूर्णपणे मान्य, आणि हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अदनचं प्रकरण तुमच्या मुद्द्याला आणखी बळ देतं, कुणी लिहिणार का? नाहीतर मी रात्री लिहितो.

---

जुना_बोटवाला

अदनचं मी लिहितो. मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला आयुष्य काढलंय, अदनला कोळशाची जुनी कोठारं होती त्या बाजूला फिरलोय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

वरती वाचलंत ना की ह्यू लिंडसे अदनला पोचली तेव्हा कोळसा संपत आला होता. बस, तिथून पुढचं सगळं आलं. वाफेची बोट कोळशाच्या ठाण्यांवर जगते, ठाणं नाही तर बोट नाही. बाँबे मरीनचं नाव १८३० ला इंडियन नेव्ही झालं, आणि त्यांचेच लोक १८२९ ते ३४ 'पॅलिन्युरस' आणि 'बनारस' या जहाजांवरून लाल समुद्र मोजत होते, मोरेस्बी आणि एल्वन हे कप्तान. त्या पाण्यात प्रवाळाचे खडक असे आहेत की दिवसा ऊन समोरून असेल तर काही दिसत नाही, शिडाचं जहाज घेऊन तिथे दोरी सोडून खोली मोजत जायचं म्हणजे काय काम आहे हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. त्यांचे चार्ट पुढे कितीतरी वर्षं वापरात होते. त्यानंतर अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचं काम आलं कॅप्टन हेन्सकडे, त्याने अदनचं बंदर बघितलं आणि डोक्यात बसलं की हेच हवं.

१८३७ च्या जानेवारीत 'दर्या दौलत' नावाचं हिंदी जहाज, ब्रिटिश निशाण लावलेलं, हजच्या यात्रेकरूंना घेऊन जाताना अदनजवळ फुटलं, लुटलं गेलं, उतारूंचे हाल झाले. त्या उतारूंचे हाल खरे होते, त्यात शंका नको. पण मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट कारणच शोधत होता. त्याने कलकत्त्याला लिहिलं, लंडनला लिहिलं. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड काही उत्सुक नव्हता. इकडे हेन्सला पाठवलं, त्याने लाहेजच्या सुलतानाकडून वर्षाला ८,७०० मारिया थेरेसा डॉलरच्या बदल्यात अदन द्यायचं कबूल करून घेतलं, मग ते फिसकटलं. ग्रँट १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. १९ जानेवारी १८३९ ला राजाची दोन जहाजं आणि मुंबईची फौज यांनी अदन घेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत साम्राज्यात आलेला तो पहिला मुलूख, आणि तो आला मुंबईच्या हट्टाने, मुंबईच्या सैनिकांनी. त्यात २४ वी बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्री होती, म्हणजे आपलीच पोरं. १९३२ पर्यंत अदन मुंबई सरकारच्या ताब्यात होतं, तिथले हिशोब इथे यायचे, तिथल्या बदल्या इथून व्हायच्या.

हेन्सचं पुढे काय झालं ते पण लिहितो कारण पत्रव्यवहाराचाच विषय चाललाय. पंधरा वर्षं तो अदनचा कारभार बघत होता, मुंबईला कारकून मागत होता, तिजोरी सांभाळायला माणसं मागत होता, ती पुरेशी मिळाली नाहीत. १८५४ ला तिजोरीत मोठी तूट निघाली, मुंबईत त्याच्यावर खटला भरला, अफरातफरीच्या आरोपातून सुटला, पण तुटीची रक्कम सरकारचं येणं म्हणून कर्जदारांच्या तुरुंगात टाकला. सहा वर्षं आत. १८६० ला सोडला तो काही दिवसांतच वारला. मागणीची पत्रं सगळी सरकारदरबारी होती, तरी माणसाला कुजवला. मोठ्या ऑफिसांचं असंच असतं, वरून उत्तर येत नाही आणि चूक झाली की सही करणारा धरला जातो, हे मी बोटीवर असताना पण पाहिलंय.

---

नवीन_सभासद_२३

बोटवाले काका, मस्त लिहिलंत. खलाशांबद्दल पण काहीतरी लिहा ना. माझे पणजोबा रत्नागिरीहून बोटीवर गेले होते एवढंच घरात माहीत आहे.

---

जुना_बोटवाला

बाळा, तुझ्या पणजोबांचा विषय लंडनपर्यंत गेलेला आहे, लक्ष देऊन वाच.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कायद्याचं म्हणणं असं की जहाज ब्रिटिश मानायचं तर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत. आणि १८१५ च्या सुमाराला कायद्याने स्पष्ट केलं की लास्कर म्हणजे आपले खलाशी यात धरायचे नाहीत, जरी ते राजाच्याच मुलखातले असले तरी. त्याचा फटका कोणाला? मुंबईत बांधलेल्या आणि मुंबईच्या माणसांनी चालवलेल्या बोटींना. टेम्सवरच्या जहाज बांधणाऱ्यांना इथल्या सागवानी बोटींची धास्ती होती, कागदावर नियम आला खलाशांचा पण निशाणा होती गोदी. मुंबईचे व्यापारी आणि सरकार याविरुद्ध लिहीत राहिले, फार काही झालं नाही.

पुढे वाफेच्या बोटी आल्यावर मात्र हेच खलाशी स्वस्त म्हणून हवेसे झाले. मोठ्या ब्रिटिश लाइनच्या बोटींवर डेकवर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्याचे, इंजिनात पंजाबी-पठाण, सलूनमध्ये गोवेकर, अशी वाटणीच होती. भरती तांडेल आणि सारंग म्हणजे खलाशांचे मुकादम यांच्या मार्फत. मग भांडण लागलं जागेचं. ब्रिटिश कायद्यात बोटीवर प्रत्येक खलाशामागे झोपायची जागा ७२ घनफूट, आणि हिंदुस्थानच्या कायद्यात निम्मी, ३६. एकाच बोटीवर, एकाच समुद्रात. लंडनचं बोर्ड ऑफ ट्रेड म्हणायचं आमचा कायदा लागू, कंपन्या म्हणायच्या की हिंदी करारावर भरती झालीय तर हिंदुस्थानचा कायदा लागू, आणि इंडिया ऑफिस मध्ये. यावर किती शाई गेली असेल विचार कर. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात माणूस, त्याची वळकटी, त्याची पेटी. हे माप मी जमिनीवर खडूने काढून नातवंडांना दाखवलंय.

पणजोबांचं नाव शोधायचं तर बोटीचं नाव आणि अंदाजे साल लागेल. घरात जुना नलीचा कागद आहे का बघ, आमच्याकडे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला नली म्हणतात, त्यावर सगळं असतं.

---

विजयदुर्गकर

३६ घनफूट वाचून अंगावर काटा आला. बोटवाले काका, तुम्ही वेगळा धागाच काढा यावर.

आणि वाडियांबद्दल एक. जोडपत्रात आपली माणसं आहेत असं वरती म्हटलंय, पण वाडिया नावानिशी आहेत. ज्यांनी साग वाहून आणला, करवतीने फाळला, भेगांमध्ये काथ्या ठोकला, त्या सुतारांची नावं कुठे आहेत?

---

माझगावचा_वाचक

नावं फारशी नाहीत, आकडे आहेत. सुतार किती, लोहार किती, रोजंदारी किती. हेच मलाही बोचतं. पण आकड्यांवरूनही बरंच निघतं, कुठल्या महिन्यात किती हात लागले, पावसाळ्यात काम कसं मंदावलं, रोज कधी वाढला, कधी कापला.

वाडियांचंही सगळं सुरळीत नव्हतं हे लक्षात घ्या. अर्देशीर करसेटजी वाडिया, माझगावचे, १८३० च्या दशकात स्वतःच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखवणारा माणूस, वाफेच्या इंजिनाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले, १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले हिंदी. त्याच सुमाराला त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य इंजिनीअर नेमलं आणि त्यांच्या हाताखाली युरोपियन कामगार आले. ते इथल्या गोऱ्या मंडळींना पचलं नाही, पेपरांतून टीका झाली. नेमणूक लंडनची होती आणि विरोध मुंबईचा. म्हणून म्हणतो, प्रत्येक प्रकरण वेगळं वाचा, दर वेळी मुंबई पुढारलेली आणि लंडन मागे असंही नाही.

---

देशावरची_माणूस

हे चांगलं झालं की तुम्ही हे लिहिलंत.

माझा अजून एक प्रश्न. तुमचं म्हणणं अंतरावर उभं आहे, पत्राला सहा महिने लागायचे म्हणून मुंबईला मोकळा हात. मग तार आल्यावर काय?

---

माझगावचा_वाचक

मोकळा हात संपला, आणि ते कागदावर स्पष्ट दिसतं.

१८६४ ला इराणच्या आखातात समुद्राखालची तार पडली, १८६५ पासून तुर्कस्तानमार्गे निरोप जायला लागले, पण वाटेत इतक्या हातांतून जायचे की अक्षरं गळायची, अर्थ बदलायचा. खरा बदल १८७० चा. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज पोटात केबल घेऊन मुंबईला आलं आणि फेब्रुवारीत इथून अदनकडे केबल सोडत निघालं. त्याच वर्षी मुंबई ते इंग्लंड सगळी साखळी समुद्राखालून जोडली गेली. आदल्या वर्षी सुएझ कालवा उघडलेला. त्यानंतरची दप्तरं उघडलीत तर आधी दोन ओळींची तार, आणि मग "सविस्तर पत्र मागाहून". निर्णय तारेत झालेला असतो, पत्र नुसतं नोंदीपुरतं. गव्हर्नर आता विचारल्याशिवाय काही करू शकत नाही कारण विचारणं सोपं झालंय.

शिवाय तोपर्यंत आरमारही गेलं होतं. इंडियन नेव्ही १८६३ मध्ये मोडली. लंडनचं म्हणणं राजाचं आरमार सांभाळेल सगळं, दोन-दोन आरमारं कशाला पोसायची. मुंबईच्या हातात उरली वाहतुकीची, पाहणीची, बंदराची कामं. १८७७ ला पुन्हा मरीन उभी केली, १८९२ ला तिला रॉयल इंडियन मरीन म्हणायला लागले, पण लढाऊ आरमार म्हणून उभं राहायला १९३४ उजाडलं. सत्तर वर्षं! १९४६ ला 'तलवार' या मुंबईतल्या नौदलाच्या तळावरच्या पोरांनी जे केलं त्याच्या मागे हा सगळा इतिहास आहे असं मला वाटतं, इथल्या माणसांना बोटी चालवू द्यायच्या पण समुद्र त्यांचा म्हणायचा नाही.

१८७० नंतर मुंबईच्या हातात खरं काम राहिलं ते बंदराचं. १८७३ ला पोर्ट ट्रस्ट, १८७५ ला प्राँग्ज रीफचं दीपगृह, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया. खांदेरीचं दीपगृह १८६७ चं. त्यातही पैशाची परवानगी वरूनच, पण कुठे खणायचं आणि कुठे भराव टाकायचा हे इथेच ठरत होतं.

---

नवीन_सभासद_२३

हे सगळं वाचायला सुरुवात कुठून करायची? मी परळला राहतो, शनिवारी वेळ असतो, मोडी येत नाही.

---

माझगावचा_वाचक

मोडी नाही आली तरी चालेल, हा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. जुनं वळण वाचायची सवय दोन-तीन बैठकांत होते. घरबसल्या सुरुवात करायची असेल तर कतार डिजिटल लायब्ररी उघड, तिथे मुंबई सरकार आणि आखातातले त्यांचे रेसिडेंट म्हणजे प्रतिनिधी यांचे कागद फुकट वाचता येतात, स्कॅन अगदी स्वच्छ आहेत. आखाताचा कारभार बरीच वर्षं मुंबईतूनच चालायचा म्हणून तिथे आपलंच दप्तर सापडतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पण बघ, तिथे नावाने शोधता येतं.

काळा घोड्याला जायचं असेल तर ओळखपत्र घे, विषय लिहून अर्ज दे, आणि जायच्या आधी वेळा विचारून घे. मरीन डिपार्टमेंटचे खंड माग. एकदम १८३० मागू नकोस, आधी त्या वर्षाची सूची माग, त्यात कुठलं पत्र कुठल्या पानावर ते असतं. कागद ठिसूळ आहेत, काही ठिकाणी शाईनेच कागद खाल्लाय, पान उलटताना दोन्ही हात लाव. आणि वाचताना वर म्हटलं तसं कर, मुख्य पत्र भराभर वाच, जोडपत्रावर थांब.

पणजोबांसाठी मात्र बोटवाल्या काकांनी सांगितलं तसं आधी नली शोध. बोटीचं नाव मिळालं की इथेच टाक, पुढचं आपण मिळून बघू.

---

जुना_बोटवाला

आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, कुठल्या बंदराचं नाव ते नेहमी घ्यायचे. अदन म्हणाले तर एक लाइन, मोंबासा म्हणाले तर दुसरी, हाँगकाँग म्हणाले तर तिसरी. त्यावरून बोट शोधणं निम्मं सोपं होतं.